हातांवर बसून

मंगळवार, ९ सप्टेंबर

धाकट्या,

तुझी बायको काल माझ्याकडे आली होती, लेकीला घेऊन. 'यांना सांगू नका हं, ताई,' असं जाताना दोनदा म्हणाली आणि मी दोन्ही वेळा मान हलवली. म्हणून आज सकाळी पहिलं काम हेच करते आहे. तिच्यावर चिडू नकोस. चिडायचंच असेल तर माझ्यावर चीड, नऊ वर्षांचा सराव आहे तुला.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू अडखळशील, मी वाट बघेन बघेन आणि शेवटी तुझं वाक्य माझ्याच तोंडून पुरं होईल. पत्रात ती सोय नाही. तू पाहिजे तितका वेळ घे.

मी अजून तिथेच बसते, चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. खोली तू पाहिलेली नाहीस. एक बुटकं टेबल, एकाच उंचीच्या दोन खुर्च्या, लाकडी ठोकळ्यांची पेटी. भिंतीवर घड्याळ नाही, कारण बोलताना अडखळणाऱ्या मुलाला घड्याळ दिसता कामा नये. सेकंद मी मनात मोजते. सत्तावीस वर्षं हेच करते आहे, आता चुकत नाही.

'ही तुझी आत्या,' असं तुझ्या बायकोनं भिंगरीला जिन्यातच सांगून ठेवलं होतं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. सात वर्षांची, पुढचे दोन दात नवे, कान अगदी तुझे. तिनं तोंड उघडलं, श्वास घेतला, आवाज निघाला आणि थांबला. मी चारपर्यंत मोजलं असेल, तेवढ्यात कॉलरवरचा तुझा बिल्ला बोलला. 'आई, पाणी दे.' हुबेहूब तिचाच आवाज, फक्त कुठेही न अडखळणारा. आईनं लगेच बाटली काढली. पोरीनं बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पाणी प्यायली. अर्धी बाटली संपवली.

तिला तहान नव्हती. तहानलेली मुलं मी पाहिलेली आहेत. तिला काय म्हणायचं होतं ते मला माहीत नाही. अंदाज आहे, पण अंदाज बोलून दाखवणं माझ्या कामात बसत नाही.

बिल्ला कसा चालतो ते तुझ्या बायकोनं समजावून सांगितलं. तोंडाचा आकार, पहिला आवाज, मूल एरवी काय काय बोलतं ते सगळं त्याच्या ध्यानात असतं, आणि त्यावरून तो राहिलेलं वाक्य पुरं करतो. ते पुरं करण्याचं काम तुझ्या टेबलावर तयार झालं, हेही तिनं सांगितलं. तिला तुझा अभिमान आहे. मलाही आहे, खोटं कशाला बोलू?

ती आली होती ती शाळेच्या अर्जासाठी. तो तुलाही तिकडे, नोकरीच्या गावी, पोचला असेलच. वर्गात आणि परीक्षेत 'बिल्ल्याचं बोलणं हेच मुलीचं बोलणं धरावं', याला आईबापांची संमती हवी. 'हो' लिहिलं तर बिल्ला कायमचा, 'नाही' लिहिलं तर शाळेत बिल्ला आणायचाच नाही. ऑक्टोबर संपायच्या आत कळवायचं आहे. सही तुझी हवी. करण्याआधी एवढं पत्र वाच.

ताई


बुधवार, १७ सप्टेंबर

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. एक पान, टाइप केलेलं, चार परिच्छेद, कुठे खाडाखोड नाही. 'तुझी काळजी मी समजू शकतो. मात्र दोन्ही बाजूंचा समतोल विचार व्हायला हवा.' अरे, हे काय आहे? समतोल विचार आपल्या घरात कधी कुणी केला? हे पत्र तू यंत्राकडून लिहून घेतलंस. दोन ओळी आल्या असत्या तरी चालल्या असत्या, पण तुझ्या यायला हव्या होत्या.

तिसऱ्या परिच्छेदातले मुद्दे मात्र तुझे वाटतात, म्हणून ते बाजूला काढून ठेवले. पहिलीत असताना वर्ग तिला हसायचा. एकदा ती दिवसभर काही बोलली नाही आणि ते शिक्षिकेच्याही लक्षात आलं नाही. बिल्ला आल्यापासून ती हात वर करते, तिला मैत्रिणी आहेत, वाढदिवसाला बोलावणं येतं. आणि तू विचारतोस, 'तू आयुष्यात फार तर हजार मुलं नीट करशील, बाकीच्यांनी काय करायचं?' प्रश्न बरोबर आहे. 

मी काय पाहिलं तेवढं लिहिते. शनिवारी तिच्या आईला विचारून आणि तिलाही विचारून बिल्ला काढून ठेवला. ठोकळे पसरले आणि म्हटलं, 'बुरुजावर कुठला ठेवू?' तिनं तोंड उघडलं. पहिला आवाजही काढला. मग काही नाही.

अडकलेलं मूल कसं दिसतं ते तुला आणि मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. मान ताठ होते, डोळे मिटतात, एक पाय आपटतो. तुझा डावा आपटायचा. हिचं तसं काहीच नव्हतं. चेहरा शांत, खांदे सैल. दार उघडून पाहुण्याची वाट बघावी तशी ती तोंड उघडं ठेवून बसली होती, पुढचं कुणीतरी बोलेल म्हणून. एक्केचाळीस सेकंद गेले. मग तिनं कॉलरला हात लावला, तिथे काही नव्हतं, मग आईकडे पाहिलं. आई म्हणाली, 'पिवळा म्हणतेय ती.' पोरीनं पिवळा उचलून दिला.

मला भीती वाटली. सत्तावीस वर्षांत मुलांचं ऐकून मला रडू आलं आहे, हसू आलं आहे, कंटाळा तर रोज येतो. भीती पहिल्यांदा वाटली.

अर्जावर अजून सही करू नकोस. आणि पुढचं पत्र स्वतः लिही.

ताई


शुक्रवार, २६ सप्टेंबर

धाकट्या,

कार्ड मिळालं. 'ते पत्र मीच लिहिलं होतं. दोन दिवस लागले.'

मी चुकले. माफ कर. तुमच्या ऑफिसात अशीच भाषा चालत असणार आणि नऊ वर्षांत ती तुझीही झाली असणार, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. तुझा आवाज मी ओळखते अशी माझी फार दिवसांची घमेंड होती, ती तू आठ शब्दांत उतरवलीस. कार्ड मी खणात ठेवलं आहे. दोन दिवस लागले, हे वाचून दुपारभर कामात लक्ष लागलं नाही.

घमेंड कुठून आली तेही लिहिते. तू चार वर्षांचा होतास तेव्हापासून तुझं बोलणं मीच पुरं करायचे. दुकानदाराला तू 'पे' म्हणायचास आणि मी म्हणायचे, 'पेन्सिली, सहा, खोडरबरवाल्या.' बरोबर निघायचं. पाहुण्यांना तुझा निरोप, मास्तरांना तुझं उत्तर, डॉक्टरांना तुझं पोट कुठे दुखतं ते. आई कौतुकानं सांगायची, 'याची जीभ हिच्या तोंडात आहे.' शंभरातल्या नव्वद वेळा मी बरोबर असायचे. तुझ्या बिल्ल्याचा आकडा ब्याण्णव आहे असं तुझी बायको म्हणाली. म्हणजे दोनच मार्कांनी हरले.

उरलेल्या दहा वेळांचं काय व्हायचं, ते मी कधी विचारलं नाही. तू वाद घालायचा नाहीस. घालणार कसा, वाद घालायलाही बोलावं लागतं. मी मागितलेली वस्तू तू घ्यायचास.

तुझ्या लग्नात मी जे केलं त्याला काही स्पष्टीकरण नाही. तू बोलायला उभा राहिलास, अठरा सेकंद अडकलास आणि मी पहिल्या रांगेतून उठून तुझं वाक्य पुरं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. याच कामाची पदवी घेतलेली बाई मी, आणि अठरा सेकंद मला थांबता आलं नाही. तू त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीस, ते योग्यच आहे.

तुला वसतिगृहात पाठवलं, तेवढं वेगळं. तेव्हा तू हो म्हणतो आहेस असंच मला वाटलं होतं. मीही पंधरा वर्षांचीच होते.

भिंगरी आता आठवड्यातून तीनदा येते. तिची आई खाली चष्म्याच्या दुकानात बसते, मी सांगितलं म्हणून. चष्मेवाल्यानं तिला दोन फ्रेमी चिकटवल्या, तिची नजर उत्तम असताना.

ताई


शुक्रवार, १० ऑक्टोबर

धाकट्या,

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते. मूल बोलायला लागलं की आपले दोन्ही हात मांडीखाली घालायचे आणि त्यावर बसायचं. हात मोकळे असले की ते बोलतात. बोटं टेबलावर वाजतात, तळवा 'हं, पुढे' असा फिरतो, आणि मुलाला कळतं की आपण उशीर करतोय. मुली पहिल्या दिवशी हसतात. तासाभरानं हाताला मुंग्या येतात तेव्हा हसू थांबतं.

भिंगरीनं ते दुसऱ्याच आठवड्यात हेरलं. टेबलाखाली वाकून बघितलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, 'माझे हात आगाऊ आहेत. त्यांना दाबून ठेवावं लागतं.' त्यावर ती इतकी हसली की नाकातून पाणी आलं. आता तीही हातांवर बसते. मी बोलायचं, तिनं थांबायचं, मग उलट. मी मुद्दाम हळू बोलते, तर तिची सहनशक्ती संपते आणि हात बाहेर येतात. 'आगाऊ!' असं मी ओरडायचं, हा नियम तिनं केला आहे.

काल तिनं एक आख्खी गोष्ट सांगितली. बिल्ला खणात होता. तीन ठिकाणी अडकली, पाय आपटला, घामाघूम झाली. अडकली याचा मला आनंद झाला, हे तुला विचित्र वाटेल. पण अडकायला आधी निघावं लागतं, आणि गेले कित्येक महिने ती निघतच नव्हती.

ती म्हणाली, 'पहिल्या दिवशी मला आत्या म्हणायचं होतं. पाणी नको होतं.'

मी म्हटलं, 'मग प्यायलीस का गं?'

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की या बाईला एवढी मोठी होऊन इतकंही कसं कळत नाही. 'मी मागितलं होतं ना,' म्हणाली.

मी ठोकळे भरून ठेवले, तिला जिन्यापर्यंत सोडलं आणि परत येऊन त्या बुटक्या खुर्चीत बसून राहिले. पुढचं मूल आलं होतं, त्याला दहा मिनिटं बाहेर बसवलं. असं मी करत नाही.

अर्जाचं काय ठरवलंस? तुझी बायको म्हणते, 'हे म्हणतील तसं.' तू म्हणतोस, 'तिच्या भल्याचं असेल तसं.' हे दोन्ही ऐकून मला आपल्या जुन्या घरातलं जेवणाचं टेबल आठवतं. आणि मी एक गोष्ट तुला खोटी लिहिली आहे, ती दुरुस्त करायची आहे. आज जमत नाही.

ताई


शुक्रवार, २४ ऑक्टोबर

धाकट्या,

तुझं दुसरं कार्ड आलं. 'तिला विचारा. बिल्ला काढून. पण तू बोलू नकोस.' मान्य. पुढच्या शुक्रवारी शाळेत मुख्याध्यापिका बाईंसमोर विचारायचं ठरलं आहे. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत हातांवर बसेन. मी तिथे असणं तू चालवून घेतलंस, हेच पुष्कळ झालं.

आता ती दुरुस्ती. दोनदा लिहून फाडली आहे, हा तिसरा कागद.

टेबलावर वसतिगृहाचा अर्ज होता. बाबांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तू माझ्या शेजारी बसला होतास, अकरा वर्षांचा. बाबा म्हणाले, 'तिथे तुझ्यासारख्या मुलांना नीट बोलायला शिकवतात. जाशील?' तू तोंड उघडलंस. टेबलाखाली माझ्या शाळेच्या स्कर्टचा काठ तुझ्या मुठीत होता, इतका घट्ट की शिवण उसवली. तुझा डावा पाय आपटत होता. आणि मी म्हणाले, 'हो म्हणतोय तो. जाईन म्हणतोय.'

मला तसं वाटलं नव्हतं. तू नाही म्हणतो आहेस हे मला माहीत होतं, ती मूठच सांगत होती. पण त्या वर्षी मला कंटाळा आला होता. मैत्रिणींकडे जायचं तर तू बरोबर, ग्रंथालयात जायचं तर तू बरोबर, आणि सगळीकडे मी दोन माणसांचं बोलायचं. मला एकटीची खोली हवी होती. एक दुपार अशी हवी होती की माझ्या तोंडात फक्त माझी जीभ असेल. तू अजून अडकलेलाच होतास. बाबांनी सही केली.

बस सुटायच्या आधी तू रडत होतास, तेव्हा आई म्हणाली, 'रडतोस काय असा? तूच हो म्हणालास ना?' आणि तू मान हलवलीस. हो, मीच म्हणालो, अशी. सदतीस वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले की बघ, त्यानं मान हलवली होती. परवा तुझी लेक म्हणाली, 'मी मागितलं होतं ना,' आणि माझी समजूत संपली.

मी हे काम का निवडलं, असं मुली विचारतात तेव्हा मी सांगते, माझा भाऊ अडखळायचा. ते खरं आहे, पण अर्धंच.

तुझा बिल्ला वाईट नाही. त्याला कंटाळा येत नाही आणि त्याला स्वतःची खोली नको असते, म्हणजे माझ्याहून तो बरा. मला फक्त एवढं दिसतं की मूठ टेबलाखाली असते आणि ती त्याला दिसत नाही. मला दिसली होती, मी दुर्लक्ष केलं. पोरीच्या बाबतीत दोन्ही नको.

उत्तराची अपेक्षा नाही.

ताई


शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

धाकट्या,

जसं झालं तसं लिहिते. सहीचा अधिकार तू बायकोकडे दिलास ते बरं केलंस.

मुख्याध्यापिकांची खोली लहान आहे. एक टेबल, त्यावर काच, काचेखाली सहलींचे फोटो. बाई चांगल्या आहेत, पण घाईत. साडेअकराला त्यांची दुसरी बैठक होती आणि ते त्यांनी आल्या आल्या सांगितलं. मी कोपऱ्यात, हात मांडीखाली. भिंगरीनं बिल्ला स्वतः काढला आणि टेबलाच्या काचेवर ठेवला. तो बंद करायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

बाई म्हणाल्या, 'हं बाळ, सांग बघू. तुला बिल्ला हवा का नको?'

तिनं श्वास घेतला. ओठ मिटले, गाल फुगले, आवाज आत घुमत राहिला. पाय आपटायला लागला. नऊ, दहा, अकरा. आणि टेबलावरून तिच्याच आवाजात, जरा लहान ऐकू आलं, 'मला बिल्ला हवा आहे.'

सगळ्यांना सुटल्यासारखं झालं, अगदी मलाही. किती छान, सुटसुटीत उत्तर होतं. बाई हसल्या, 'गुड,' म्हणाल्या आणि पेन उचललं.

माझी जीभ टाळ्याला लागली होती.  तुला शब्द दिला होता म्हणून नाही बोलले, नाहीतर बोलले असते, हे कबूल करते.

तुझी बायको बोलली. ती आजवर कुणाला थांब म्हणाली असेल असं वाटत नाही. तिनं बिल्ला उचलला, पर्समध्ये टाकला, चेन लावली आणि म्हणाली, 'बाई, थांबा. तिचं झालेलं नाही अजून.' आणि मग, धाकट्या, तिनं हात मांडीखाली घातले. मी तिला शिकवलेलं नाही. लेकीनं घरी शिकवलं असणार.

बाई घड्याळाकडे बघत होत्या, त्यांनी भिंगरीकडे पाहिलं, तिच्या आईकडे पाहिलं, आणि पेन खाली ठेवलं. पहिल्या आवाजापासून शेवटच्या शब्दापर्यंत एक मिनिट बावन्न सेकंद लागले. तुझी लेक म्हणाली:

'मला बिल्ला आवडतो. पण आधी मी. माझं झालं की मग तो. आणि माझं झालं ते मी सांगणार.'

मग अजिबात न अडखळता, 'बाबांना सांगा, त्याला थांबायला शिकवा,' म्हणाली.

अर्जात दोनच चौकोन होते. बाईंनी दोन्ही सोडून खाली हातानं तिसरी ओळ लिहिली: विद्यार्थिनीनं सांगितल्याखेरीज बिल्ला लावू नये, लावल्यास तिनं मान्य केलेलंच बोलणं तिचं धरावं. लिहिताना म्हणाल्या, 'हे वर चालेल की नाही, देव जाणे.' त्यांची पुढची बैठक चुकली.

तिला हसणारी मुलं परत हसतील, धाकट्या. सोमवारीच हसतील. ते मी थांबवू शकत नाही आणि तूही नाही. जिन्यात मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, 'म-म-माहितीये.'

मी यातला एकही शब्द आधी ओळखला नव्हता. मला वाटलं होतं, हवा म्हणेल किंवा नको म्हणेल.

ताई


सोमवार, ३ नोव्हेंबर

धाकट्या,

काल दुपारी तुझा फोन आला. तू जे बोललास ते मी लिहून ठेवते आहे आणि एक प्रत तुला पाठवते आहे, म्हणजे पुढेमागे माझ्याकडून त्यात भर पडायला नको. काही चुकलं असेल तर कळव.

मी फोन टेबलावर ठेवला, मोठ्या आवाजात लावला आणि हातांवर बसले. सुरुवातीला चार मिनिटं काहीच आलं नाही. तुझा श्वास येत होता, मधेच पायाचा आवाज. तिकडे फरशी लाकडी आहे वाटतं. चार मिनिटांत माझ्या मनात तुझी निदान वीस वाक्यं तयार झाली. पहिलं होतं, 'मला जायचं नव्हतं.' त्यासाठी मी तयार होते. त्याला काय म्हणायचं तेही ठरवलं होतं.

तू म्हणालास, 'मी नाही म्हणत नव्हतो.'

मग पुन्हा थांबलास. मग म्हणालास, 'मी म्हणत होतो, ताई येणार असेल तर जातो.'

एवढंच. त्या मुठीचं मी काय समजले होते आणि ती काय होती, हे तू समजावलं नाहीस, गरजही नव्हती. सदतीस वर्षं मी एका वाक्याची अपराधी होते आणि ते वाक्य, ते 'नाही', तुझं नव्हतंच. तेही माझंच होतं. तुला माझ्यासकट जायचं होतं, आणि मी तुझ्यावाचून राहायला मोकळी झाले.

मी बोलायला गेले. ताठ बसले, तोंड उघडलं, श्वास घेतला. आवाज निघेना.  आयुष्यात मी पहिल्यांदा अडकले, धाकट्या, आणि ते तुझ्यासमोर. मुलांना मी सांगते ते सगळं केलं. खांदे सोड, जीभ सोड, श्वास बाहेर. काही उपयोग झाला नाही. मुलांना आजवर मी काय काय सांगत आले ते आता तपासून बघावं लागेल.

मला काय म्हणायचं आहे ते तुला नक्की कळलं असणार. तू माझ्यासाठी ते म्हणू शकला असतास, तुला हक्कही होता. तू काही बोलला नाहीस. नुसता होतास तिकडे.

किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच मोजायचं राहून गेलं. तू मोजलं असशील तर लिही.

मग मी जे म्हणाले ते तू ऐकलंच आहेस.

ताई